उरलेल्यापैकी तीन चतुर्थांश

मखमलाबादच्या आमच्या वावरात झेंडू पुन्हा फुलला आहे. घटस्थापनेला अजून आठवडा आहे. पण सकाळच्या पहिल्या तोडणीनंतर ओट्यावर, पायरीवर, मोटारसायकलच्या सीटवर, जिथे जिथे कुणाचा हात टेकला तिथे तिथे तो उग्र, किंचित कडवट वास चिकटून राहिला आहे. या वासाने इतरांना दसरा आठवतो, दारावरची तोरणे आठवतात. मला अपूर्णांक आठवतात. हे वाक्य मी दोनदा लिहून दोनदा खोडले, कारण ते वाचकाला चकित करण्यासाठी योजल्यासारखे वाटते. परंतु ते खरे आहे, म्हणून राहू देते.

दोन वर्षांपूर्वीचा तो हंगाम. मी बेचाळीस वर्षांची होते. मराठीची एम. ए., त्याआधीची शिक्षणशास्त्राची पदविका, आणि शहरातल्या एका खासगी प्राथमिक शाळेत मानधनावर चौथी-पाचवीला मराठी शिकवण्याची अकरा वर्षे एवढी माझी शिदोरी होती. गणपती उठल्यावर आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला खोलीत बोलावले. त्या कठोर नव्हेत. खुर्चीकडे हात करून त्यांनी मला आधी बसू दिले आणि मग म्हणाल्या, “ज्योतीबाई, हे वर्ष मी कसंबसं सांभाळून नेईन. पण जूनमध्ये माझ्या हातात काही नसेल. शिक्षक पात्रता परीक्षा पास झालात तर जागा तुमची. नाही झालात तर मला दुसरं माणूस घ्यावं लागेल.”

“बरं,” मी म्हणाले.

एवढेच. माझ्याकडून याहून मोठे वाक्य क्वचितच निघते. खोलीबाहेर आल्यावर पाचवीच्या वर्गातून मुलांचा कवितेचा कोरस ऐकू येत होता. तो ताल मीच त्यांना बसवून दिला होता. व्हरांड्यात मी उगीचच खांबाला टेकून उभी राहिले. ही मुले दुसऱ्या कुणाच्या हाती जातील, ही कल्पना मला प्रथमच इतकी स्पष्ट दिसली.

ती परीक्षा मी त्याआधी एकदा दिली होती आणि पाच गुणांनी नापास झाले होते. पाच विषय, प्रत्येकी तीस प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. त्यातले एक वर्तुळ काळ्या पेनाने भरायचे. मराठी, इंग्रजी, परिसर, मानसशास्त्र या चारांत मी नीट तरले. गणितात मात्र तीसपैकी सात. त्या सातांचेही श्रेय माझे नव्हते. शाब्दिक उदाहरणांचे पान उघडले आणि मी ते न वाचताच ओळीने सगळी तिसरी वर्तुळे भरत गेले होते. चारांतले एक कधीतरी लागतेच; ते सात वेळा लागले.

गणिताशी माझे भांडण कधीच नव्हते. भांडायलाही ओळख लागते. चौथीत असताना गुरुजी उदाहरण फळ्यावर संपवत आणि विचारत, “समजलं का?” सगळा वर्ग मान डोलवी. मीही डोलवी. न समजलेल्या मुलीने हात वर करावा, सर्वांच्या माना तिच्याकडे वळाव्यात, आणि तिच्यासाठी खडू पुन्हा उचलला जावा, हे दृश्य मला इतके भयंकर वाटे, की त्यापेक्षा आयुष्यभर न समजलेले बरे, असा निर्णय मी नकळत घेऊन टाकला. भाषेत तो निर्णय झाकता आला. पुढे पदव्या मिळाल्या, निबंधांना बक्षिसे मिळाली, आणि ते झाकण अधिकाधिक सुबक होत गेले. खाली मात्र ती चौथीतली मुलगी मान डोलवत तशीच बसली होती.

मुख्याध्यापिकाबाईंशी बोलणे झाले त्या संध्याकाळी मी सरावाचे पुस्तक काढले आणि ठरवले: रोज दहा उदाहरणे. बरोबर येवोत, चुकोत, दहा. शाळेतून आल्यावर चार वाजता, चहा घेऊन, वावराच्या कडेला पालथ्या घातलेल्या प्लास्टिकच्या कॅरेटवर बसून.

पहिल्या आठवड्यात ध्यानात आले की, माझा खरा अडथळा वेगळाच आहे. मी उदाहरणे वाचत होते ती गोष्टींसारखी. ‘एका शेतकऱ्याने आपल्या जमिनीच्या दोन सप्तमांश भागात बाजरी पेरली’ असे वाक्य आले की, माझे मन तिथेच रेंगाळे. उरलेली जमीन त्याने पडीक का ठेवली? पाणी नव्हते की माणूसबळ? ‘मीनाने पेढ्यांच्या खोक्यातील एक तृतीयांश पेढे मैत्रिणीला दिले’, कशाबद्दल दिले? आनंदाची बातमी कोणती होती? वर्षानुवर्षे मुलांना मी हेच शिकवीत आले होते, की वाक्याच्या आत डोकवा, न सांगितलेले ऐका. आणि इथे न सांगितलेले ऐकणे हीच चूक होती. इतक्या कोरड्या वाक्यांपुढे मी इतकी ओलसर होऊन बसत असे, की पेन पुढे सरकतच नसे.

एका दुपारी मी अशीच अडून बसले होते. मोठ्या जाऊबाई, शकुताई, बांधावर बसून चहा पीत होत्या. त्या माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. शाळा चौथीपर्यंत; त्यानंतर फुले, भाजी, बाजार आणि पंचवटी कारंजावर दसरा-दिवाळीला मांडायचे दुकान. दुकान म्हणजे रस्त्याकडेला अंथरलेले गोणपाट. त्यांना माझ्या शिक्षणाचा अभिमान होता, आणि त्याची टिंगल करण्याचा हक्कही त्यांनी राखून ठेवला होता.

“काय गं, रुसलंय का पुस्तक?” त्यांनी विचारले.

मी म्हणाले, “ताई, एका शेतकऱ्याने चाळीस किलो झेंडू तोडला. सकाळी दोन पंचमांश विकला. उरलेल्यापैकी तीन चतुर्थांश दुपारी विकला. तर शेवटी किती राहिला?”

“तुझं किती आलं?”

मी वही पाहिली. चाळीसचे दोन पंचमांश सोळा. चाळीसचे तीन चतुर्थांश तीस. “दोन्ही मिळून सेहेचाळीस विकला,” मी म्हणाले आणि माझा मलाच आवाज ऐकू येऊन थबकले.

शकुताईंनी कप खाली ठेवला. “चाळीस तोडला आन् सेहेचाळीस विकला? मग वरचा सहा किलो कुणाच्या वावरातला गं? आपल्यातला तर नाय ना?”

त्या इतक्या हसल्या की, पदर तोंडाला लावावा लागला. पलीकडच्या वाफ्यात तोडणी करणाऱ्या बायांनी विचारले, काय झाले, आणि त्यांनी तेही ओरडून सांगितले: “आमच्या बाईंच्या पुस्तकात चोरीचा माल हाय!” माझे कान तापले. वही मिटून घरात निघून जावे असे तीव्रतेने वाटले. का कोण जाणे, मी उठले नाही. कदाचित त्या हसण्यात मला हिणवणे ऐकू आले नाही म्हणून. कदाचित जून डोळ्यांपुढे होता म्हणून. मी वही पुन्हा उघडली आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, “मला कळलं नाही. कुठे चुकले, ते सांगा.”

“मला तरी कुठं येतंय तुझं ते वरती-खालती लिहायचं?” त्या म्हणाल्या. “पण सेहेचाळीस नाय होणार, एवढं कळतं. दसऱ्याला माझ्यासंगं बस. बघ काय दिसतं का.”

खंडेनवमीच्या पहाटे टेम्पोत फुलांवर बसून आम्ही पंचवटीत आलो. नदीवरून गार वारा येत होता आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना केशरी-पिवळे ढीग लागत होते. शकुताईंनी आमचा ढीग गोणपाटावर ओतला आणि त्याचे वाटे घालायला बसल्या. दोन करायचे तर तळहाताच्या कडेने ढीग मधोमध कापायचा. चार करायचे तर त्या दोहोंना पुन्हा कापायचे. पाच करायचे तेव्हा मात्र त्या कापत नसत. ओंजळ भरत आणि फिरत्या हाताने टाकत जात: एक हिला, एक तिला, एक तिला... पाचवी ओंजळ टाकली की पुन्हा पहिल्यापाशी. ढीग संपेपर्यंत पाच वाटे तयार. कोणताही उचला, सारखाच.

मी पाहत होते. छेद म्हणजे किती वाटे घातले ते. अंश म्हणजे त्यातले किती उचलले ते. हे मी वाचले होते, पाठही केले होते. वेळप्रसंगी मुलांना सांगितलेही असेल. परंतु माझ्या बोटांना ते त्या पहाटे समजले.

नऊच्या सुमारास एक हारवाला आला आणि पाचांतले दोन वाटे घेऊन गेला. तीन राहिले. आता या तिन्हींतले काय विकायचे, काय ठेवायचे, याचा मी मनाशी हिशेब मांडत होते, तोच शकुताईंनी दोन्ही हातांनी ते तिन्ही वाटे मोडले आणि त्यांचा एकच ढीग केला.

“अहो ताई, मोडलेत का? चांगले सारखे झाले होते.”

“सकाळचं गिऱ्हाईक निराळं, आताचं निराळं. आता मला चार वाटे पायजेत. तिनाचे चार करायचे तर मोडल्याबिगर कसं व्हायचं?” त्यांनी ढिगाला मधोमध कापत म्हटले. “गेलं त्याचं नाव काढू नको. आता गोणीवर जे हाय, तेवढाच माल धर.”

मी पिशवीतून वही काढली. गर्दीत, फुलांच्या ढिगामागे, गुडघ्यावर वही ठेवून ते अडलेले उदाहरण पुन्हा लिहिले. चाळीस. गेले सोळा. मोडले. आता ढीग चोवीसचा. चार वाटे, प्रत्येकी सहा. तीन गेले, अठरा. राहिले सहा.

पुस्तकही पिशवीत होते; उत्तराच्या पानावर सहा होते. ते सहा पाहून मला झालेला आनंद मी इथे सांगत नाही. तो वयाला शोभण्यासारखा नव्हता. शकुताईंनी मात्र माझा चेहरा वाचला असावा, कारण एका गिऱ्हाइकाला फुले घालता घालता त्या म्हणाल्या, “घ्या बाई, दोन ओंजळी जास्ती घ्या. आमच्या घरात गणित सुटलंय.”

पुढे कित्येकदा मला वाटले, की त्या मोडलेल्या वाट्यांत माझ्यासारख्या उशिरा उठलेल्या माणसासाठी काही आहे. आयुष्याचे किती भाग गेले, कुणी नेले, ते परत पूर्णाला जोडून पाहण्याची मला खोड होती; आणि दरवेळी बेरीज अशीच अशक्य, सेहेचाळीसची येई. परंतु ही तुलना मी फार ताणणार नाही. ढिगापाशी बसलेल्या बाईला तसे काही म्हणायचे नव्हते. तिला चार वाटे हवे होते.

आणि एका उदाहरणाने सगळे सुटले असेही झाले नाही. लगेचच्या सराव परीक्षेत मी अशी चूक केली, जी बहुधा फुले पिकवणाऱ्या घरातच होऊ शकते. प्रश्न होता: एका बागेतून पन्नास किलो फुले तोडली, त्यांपैकी तीन पंचमांश बाजारात पाठवली, तर किती उरली? माझे उत्तर आले अठरा. पर्याय होते पंधरा, वीस, पंचवीस, तीस. मी चारही पर्याय पुन्हा पुन्हा पाहिले, अठरा कुठेच नव्हते. अर्ध्या तासाने उमगले, की पहाटेच्या तोडणीवर दव असते, म्हणून ओल्या मालाचा दहावा हिस्सा वजनातून कापायचा, हा घरातला रिवाज माझ्या हाताने मला न विचारताच पाळला होता. पन्नासाचे पंचेचाळीस धरले होते.

शकुताईंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, “मग बरोबरच हाय की! पाणी कोण कापणार?”

“ताई, प्रश्नात पाणी नाही.”

“पन्नास किलो पहाटे तोडली आन् पन्नासच भरली? असला माल मी तर नाय बघितला.” मग त्या समजूत काढल्यासारखे म्हणाल्या, “जाऊ दे. त्याच्या वावरात दव पडत नाय असं धर, आन् सोडव.”

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. त्याच्या वावरात दव पडत नाही. शेतकऱ्याची उरलेली जमीन पडीक का, हे विचारायचे नाही. मीनाच्या पेढ्यांचे कारण विचारायचे नाही. ही माणसे निराळ्या प्रदेशात राहतात. तिथे माल सुकत नाही, मजूर आजारी पडत नाही, नळ सारख्याच वेगाने वाहतो. त्या प्रदेशात पाहुणी म्हणून जायचे, तिथले नियम पाळायचे आणि काम झाले की परत यायचे. भाषेच्या माणसाला हे शिकायला महिना लागला. मी तो दिला.

रोजचा दहा उदाहरणांचा नेम मोडला नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही, फुलांची धांदल आटोपून, मी कॅरेटवर बसले. “सगळं गाव लक्ष्मी पुजतंय आन् ही अपूर्णांक पुजती,” असे शकुताई जाता जाता म्हणाल्या, आणि परत येऊन त्यांनी करंजीची बशी वहीवर ठेवली. कधी दहांतली सात चुकत, कधी तीन. चुकलेले उदाहरण मी पुन्हा लिहून काढी. जिथे पाय घसरला ती ओळ अधोरेखित करी. पूर्वी चुकलेले पान मी फाडून टाकत असे. त्या हंगामात एकही पान फाडले नाही.

परीक्षा दिवाळीनंतरच्या एका रविवारी होती. थंडी पडू लागली होती. गंगापूर रोडवरच्या केंद्राच्या फाटकाशी येवल्याहून, इगतपुरीहून, पार सुरगाण्याहून आलेली माणसे ओळखपत्रे हातात धरून उभी होती. माझ्या पुढे उभी असलेली एक बाई वळून म्हणाली, “मॅडम, तुमचं गणित कसं हाय?”

अशा प्रश्नांना “ठीक आहे” असे उत्तर देण्याची माझी जुनी सवय. मी म्हणाले, “कच्चं आहे. पण केलंय.”

“माझं तर लयच कच्चं,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी विनाकारण हसलो.

आत गेल्यावर मी गणिताचे पान सर्वांत आधी उघडले. एक उदाहरण असे होते: एका पुस्तकाची तीन अष्टमांश पाने पहिल्या दिवशी वाचली, उरलेल्यापैकी दोन पंचमांश दुसऱ्या दिवशी वाचली, तरी नव्वद पाने राहिली, तर पुस्तकाची एकूण पाने किती? क्षणभर मन म्हणाले, पुस्तक कोणते? मी त्याला गप्प केले. गेलेले तीन अष्टमांश बाजूला. राहिला ढीग पाच अष्टमांशांचा. तो मोडला, पाच वाटे घातले. दोन गेले, तीन राहिले. म्हणजे मूळ पुस्तकाचे तीन अष्टमांश, आणि तीच नव्वद पाने. एक अष्टमांश तीस. आठ वेळा तीस. दोनशे चाळीस. पर्यायांत ते होते. पेन टेकवले, आणि घाईत वर्तुळ किंचित बाहेर गेले.

पर्यवेक्षकांनी शेवटची पाच मिनिटे उरल्याचे सांगितले, तेव्हा बाकीचे चार विषय झाले होते, पण गणितातली मागे ठेवलेली सहा उदाहरणे राहिली होती. दोन केली. चारांची वर्तुळे अंदाजाने भरली. जागेचा प्रश्न होता, तिथे मानीपणा करून चालले नसते. पण ती चार कोणती, हे मला ठाऊक होते. उरलेली सव्वीस माझी होती, चुकली असतील तीही.

निकाल थंडी ओसरताना लागला. मी लागणाऱ्या गुणांपेक्षा तीन गुण पुढे होते. गणितात तीसपैकी अठरा. शकुताईंना सांगितले तर त्यांनी आधी विचारले, “बाकीचे बारा कुठं गेले?” आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटे मोडली.

मुख्याध्यापिकाबाईंनी गुणपत्रक दोनदा पाहिले, माझे अभिनंदन केले आणि म्हणाल्या, “चला, जागेची काळजी मिटली. जूनपासून नेहमीसारखं मराठी तुमच्याकडे.”

“बाई,” मी म्हणाले, आणि मग जे वाक्य व्हरांड्यात चार वेळा म्हणून आले होते ते म्हटले, “पाचवीचं गणितही मला द्याल का?”

“गणित?” त्या हसल्या. “इतकं रडवलं त्यानं तुम्हाला.”

“म्हणूनच.”

श्रावणात अपूर्णांकांचा धडा आला. पहिल्या दिवशी मी फळ्यावर वजाबाकी मांडली: पाच षष्ठांशांतून एक चतुर्थांश. दोघांचा छेद बारा केला. वर दहा आणि तीन आले. बोलत बोलत मी उत्तर लिहिले, सहा द्वादशांश, आणि वळले.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी अर्धवट उठून, जवळजवळ न ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “बाई, सात येतं ना?”

चाळीस माना माझ्याकडे होत्या. अशा वेळी शिक्षकाजवळ एक वाक्य तयार असते. पिढ्यानपिढ्या ते आम्हाला वाचवत आले आहे. ‘मी मुद्दाम चुकले, तुमचं लक्ष आहे का ते पाहत होते.’ ते माझ्या जिभेवर आलेही होते. उच्चारायला एक श्वास पुरला असता, आणि कुणालाच काही कळले नसते.

“हो, सात येतं,” मी म्हणाले. “माझं चुकलं.”

मग तळहाताने ते सहा पुसले, खडू पुन्हा उचलला आणि म्हणाले, “कुठं चुकलं ते बघू या. दहापासून सुरू करा, माझ्याबरोबर.”